विहिरीच्या पंपापासून चिपच्या नकाशापर्यंत: घरच्या लॅपटॉपवर चिप डिझाइनची सुरुवात

धोलेरा, साणंद, आसाममधलं जागीरोड ही नावं चिपच्या प्रकल्पांमुळे हल्ली पेपरात इतकी येतात की कोकणातली मुलं पहिला प्रश्न विचारतात तो असा, "चिपचा कारखाना आपल्याकडे कधी येणार?" येईल तेव्हा येईल. चिप डिझाइन शिकायला त्याची वाट बघायचं कारण नाही. या धंद्यात कारखान्याला फॅब म्हणतात, आणि डिझाइन करणाऱ्या बहुतेक कंपन्यांकडे स्वतःची फॅब नसते. एनव्हीडिया आणि क्वालकॉम आपल्या चिप दुसऱ्याच्या फॅबमध्ये, मुख्यतः तैवानच्या टीएसएमसीकडे, बनवून घेतात. त्यांचे इंजिनिअर दिवसभर जे करतात ते लॅपटॉपवरचं लिहिण्या-तपासण्याचं काम आहे, आणि त्यातला मूळ भाग देवगडात किंवा दापोलीत बसून शिकता येतो.

एक गैरसमज आधीच बाजूला करू. "चिप वाळूपासून होते, आणि आपल्याकडे कासार्ड्याला सिलिका वाळू आहे, मग?" हा प्रश्न कणकवलीकडे हमखास येतो. ती वाळू काचेच्या आणि ओतकामाच्या उपयोगाची. चिपच्या वेफरसाठी, म्हणजे ज्या पातळ चकतीवर चिप बनतात तिच्यासाठी, सिलिकॉन ९९.९९९९९९९ टक्के शुद्ध लागतं, आणि खरा खर्च त्या शुद्धीकरणात असतो. घरात वाळू आहे म्हणून चिप स्वस्त पडत नाही.

हा लेख बारावी सायन्स, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्यांसाठी आहे. एकच छोटं सर्किट घेऊन आपण कागदापासून फॅबला पाठवायच्या फाइलपर्यंत जाऊ.

पायरी १: साहित्य

८ जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. शेवटच्या पायऱ्यांना १६ जीबी असेल तर बरं. लिनक्स हवं. विंडोज काढायचं नसेल तर त्यातच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करून उबुंटू हे लिनक्स टाका. सर्किटचं वर्णन व्हेरिलॉग नावाच्या भाषेत लिहितात. ते चालवून बघायला आयकॅरस व्हेरिलॉग, निकालाच्या रेषा बघायला जीटीकेवेव्ह आणि वर्णनाचे गेट करायला योसिस, ही तीन साधनं फुकट आहेत आणि मोबाइल हॉटस्पॉटवरही सहज उतरतात. लेआउटची, म्हणजे चिपचा नकाशा काढायची, साधनं आणि फॅबच्या फाइली मात्र काही जीबींच्या असतात. त्या कॉलेजच्या नेटवरून घ्या, किंवा रात्री डाउनलोड लावून झोपा. फाइली रोजच्या रोज गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवायची सवय लावून घ्या. जूनमध्ये लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरीही संपली की ही सवय उपयोगी पडते.

काहीच इन्स्टॉल न करता हात बसवायचा असेल तर ब्राउझरमध्ये चालणारी एचडीएलबिट्स ही सरावाची जागा उत्तम आहे. पहिले चाळीसेक प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे येऊ नका.

पायरी २: गेट आतून बघा

अँड, ऑर, नॉट हे बारावीत येऊन गेलेलं असतं. त्यापुढे एकच गोष्ट नीट समजून घ्या: सीमॉस नँड गेट चार ट्रान्झिस्टरचं कसं होतं. वर पुरवठ्याच्या बाजूला दोन पीमॉस समांतर, खाली ग्राउंडच्या बाजूला दोन एनमॉस एकापाठोपाठ. हे ट्रान्झिस्टरचे दोन प्रकार: पीमॉस इनपुट ० असताना उघडतो, एनमॉस १ असताना. दोन्ही इनपुट १ असले तरच खालची वाट पूर्ण उघडते आणि आउटपुट ० होतं. एरवी वरची एक तरी वाट उघडी असते आणि आउटपुट १ राहतं. दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या राहत नाहीत, म्हणून गेट नुसतं बसून असताना जवळजवळ वीज खात नाही. तुमचा फोन दिवसभर टिकतो त्याचं मोठं कारण हेच.

इतिहास हवा तर थोडक्यात. १९५८ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी पहिलं इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे चिप, दाखवलं, पण त्याच्या जोडण्या बाहेरून तारा लावून केलेल्या होत्या. १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी जोडण्याही सिलिकॉनवरच धातूच्या थरात घेण्याची पद्धत मांडली. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचा नकाशा माणसांनी हाताने काढला होता. २०२० च्या ॲपल एम१ मध्ये १,६०० कोटी आहेत. हाताने काढायचे दिवस का संपले ते या दोन आकड्यांत कळतं.

पायरी ३: कागदावर नियम

ही पायरी नवशिके उडवतात, आणि नेमका इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा.

आपण विहिरीच्या पंपाचं नियंत्रण घेऊ. हे काम शंभर-दोनशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरनेही होतं, त्यासाठी कोणी चिप बनवत नाही. पण शिकायला हा प्रश्न फार चांगला आहे, कारण चैत्र-वैशाखात विहीर आटायला लागली की पंप कसा वागायला हवा हे कोकणात घरोघर माहीत असतं.

कीबोर्डला हात लावण्याआधी पंप वापरणाऱ्या माणसाला विचारा. शेजारचे काका पहिलं सांगतील, "मोटर सुकी चालली तर जळतली." दुसरं सांगतील, "लाईट इली काय लगेच चालू करू नको." ही दोन वाक्यं म्हणजे तुमच्या स्पेसिफिकेशनमधले, सर्किटने कसं वागायचं त्या यादीतले, दोन नियम.

तीन इनपुट घ्या. विहिरीतला फ्लोट: पाणी असेल तर १. टाकीतला खालचा फ्लोट: पाणी त्याच्या वर असेल तर १, टाकी रिकामी झाली की ०. टाकीतला वरचा फ्लोट: टाकी भरली की १. आउटपुट दोन: पंप आणि बिघाडाचा दिवा.

आता प्रश्न विचारत जा. टाकी अर्धी आहे, खालचा फ्लोट १ आणि वरचा ०. पंप चालू हवा की बंद? उत्तर: आधी जे चाललं होतं तेच. भरत असेल तर भरू दे, बंद असेल तर बंद राहू दे. म्हणजे फक्त या क्षणाचे इनपुट बघून निर्णय होत नाही, सर्किटला आठवण हवी. गेटच्या जोडीला फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट, लागतो तो इथे.

दुसरा प्रश्न. विहीर आटली, पंप बंद झाला. पाच मिनिटांत झऱ्याचं थोडं पाणी साठलं, फ्लोट उचलला, पंप चालू. दोन मिनिटांत पुन्हा कोरडी. असा दिवसभर चालू-बंद होत राहिला तर प्रत्येक वेळी सुरुवातीच्या जादा करंटने मोटर तापते. म्हणून विहीर आटून पंप बंद झाला की ठरावीक वेळ थांबायचंच. लाईट परत आल्यावरही तसंच थांबायचं. त्यामुळे तीन अवस्था झाल्या: थांबा, बंद, चालू. थांबण्याची वेळ संपली की "थांबा" मधून "बंद". टाकी रिकामी, वरचा फ्लोट ० आणि विहिरीत पाणी असेल तर "बंद" मधून "चालू". टाकी भरली की पुन्हा "बंद", विहीर आटली की "थांबा".

तिसरा प्रश्न वायरचा. उंदराने वायर कुरतडली तर? फ्लोट अशा बेताने जोडा की तुटलेली वायर नेहमी पंप बंद ठेवणारा निरोप देईल: विहिरीची तुटली तर ०, टाकीच्या दोन्हींपैकी कुठलीही तुटली तर १. मग एक गंमत होते. वरच्या फ्लोटची वायर तुटली असेल आणि टाकी खरंच रिकामी झाली, तर खालचा म्हणतो "रिकामी" आणि वरचा म्हणतो "भरलेली". हे खऱ्या टाकीत शक्यच नाही, म्हणून तेवढ्यावर बिघाडाचा दिवा लावता येतो. वेगळा सेन्सर न घेता तुटलेली वायर सापडली.

शेवटी वेळ. घड्याळात असतो तो ३२,७६८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढे ठोके देणारा, क्रिस्टल घ्या. हे ठोके म्हणजे आपल्या सर्किटचा क्लॉक. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, त्यामुळे १५ बिटांचा काउंटर बरोबर दर सेकंदाला एक फेरी पूर्ण करतो. त्याच्यापुढे ९ बिटांचा दुसरा काउंटर सेकंद मोजेल, ५१२ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेआठ मिनिटं. दहाच मिनिटं हवीत असा हट्ट धरलात तर आणखी एक बिट आणि ६०० शी तुलना करणारं सर्किट वाढतं. मोटरला साडेआठ आणि दहातला फरक कळत नाही. चिप डिझाइनमध्ये असे व्यवहारी सौदे रोज होतात.

पायरी ४: व्हेरिलॉगमध्ये लिहिणं

व्हेरिलॉग दिसायला सी भाषेसारखी आहे आणि तिथेच फसगत होते. सीमध्ये ओळी एकामागून एक चालतात. व्हेरिलॉगमध्ये तुम्ही सर्किटचं वर्णन करता आणि त्यातले सगळे भाग एकाच वेळी चालू असतात. ओळ लिहिण्याआधी तिथे कुठले गेट, कुठले फ्लिप-फ्लॉप येणार याचं चित्र वहीत काढता आलं पाहिजे. काढता येत नसेल तर ती ओळ लिहू नका.

या सर्किटात चार गोष्टी जपायच्या.

फ्लोट तुमच्या क्लॉकला विचारून हलत नाही. क्लॉकच्या ठोक्याच्या ऐन वेळी इनपुट बदललं तर फ्लिप-फ्लॉप क्षणभर ० आणि १ च्या मध्ये लोंबकळतो. याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. म्हणून बाहेरून येणारी प्रत्येक तार आधी एकापाठोपाठ दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्या. तीन तारा, सहा फ्लिप-फ्लॉप. नंतर त्या सेकंदातून एकदाच वाचा, म्हणजे पाण्याच्या हिंदकळण्याचा त्रास होणार नाही.

रिसेट विसरू नका. पॉवर आल्यावर फ्लिप-फ्लॉपमध्ये ० असेल की १, काही सांगता येत नाही. रिसेटने सर्किट "थांबा" मध्येच गेलं पाहिजे. काकांचा दुसरा नियम इथे आपोआप पाळला जातो.

क्लॉकवर चालणाऱ्या ऑलवेज ब्लॉकमध्ये नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंट (<=), बाकी ठिकाणी ब्लॉकिंग (=). का, ते सरावाने कळेल. आत्ता नियम म्हणून पाळा.

आणि प्रत्येक इफला एल्स, प्रत्येक केसला डिफॉल्ट. क्लॉकवर न चालणाऱ्या ब्लॉकमध्ये एखादी शक्यता सुटली की साधन तिथे "आधीचं ठेव" असं समजून न मागितलेला लॅच, म्हणजे क्लॉकशिवाय आठवण ठेवणारं सर्किट, घालतं. तीन अवस्थांना दोन बिट लागतात आणि दोन बिटांची चौथी जोडी रिकामी राहते. कधी चुकून सर्किट त्या जोडीत गेलंच तर तिथून "थांबा" मध्ये येण्याची वाट ठेवा.

पायरी ५: तपासणी

सॉफ्टवेअरमध्ये चूक राहिली तर अपडेट देता येतो. चिप फॅबमधून आली की ती आहे तशीच. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियमच्या भागाकाराच्या सर्किटात एका तक्त्यातल्या पाच जागा चुकीने रिकाम्या राहिल्याचं उघड झालं. त्या चिप बदलून देण्यापायी कंपनीने ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. म्हणून डिझाइन लिहायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त तपासायला जातो, आणि कंपन्यांत व्हेरिफिकेशनची, म्हणजे या तपासणीची, माणसंही भरपूर लागतात.

टेस्टबेंच म्हणजे तुमच्या सर्किटला खोटे फ्लोट आणि खोटा क्लॉक देणारी वेगळी फाइल. साडेआठ मिनिटांचा थांबा सिम्युलेट करायचा तर १ कोटी ६७ लाखांवर ठोके लागतात, लॅपटॉप कंटाळेल. म्हणून काउंटरची रुंदी पॅरामीटर, म्हणजे बाहेरून बदलता येणारा आकडा, ठेवा आणि तपासताना १५ च्या जागी ४ बिट द्या.

आयकॅरसने चालवून निघालेली फाइल जीटीकेवेव्हमध्ये उघडा. सुरुवातीला काही रेषा लाल दिसतील. लाल म्हणजे "माहीत नाही". रिसेट लागला की त्या हिरव्या झाल्या पाहिजेत. एखादी लालच राहिली तर त्या फ्लिप-फ्लॉपला रिसेट द्यायचा राहिला आहे, आधी तो द्या. मग एकेक प्रसंग घाला. टाकी रिकामी होऊ दे, भरू दे, मध्येच विहीर आटू दे, वायर तोडा, पंप चालू असताना रिसेट द्या. तीन इनपुटच्या आठ जोड्या आणि तीन अवस्था, म्हणजे चोवीसच प्रसंग. सगळे तपासा, आळस नको.

त्यात एक प्रसंग अडकवतो. पंप चालू आहे आणि त्याच सेकंदाला टाकी भरली आणि विहीरही आटली. "बंद" मध्ये जायचं की "थांबा" मध्ये? वरच्या नियमांत याचं उत्तर नाही, वर जाऊन बघा. कोडने काहीतरी एक निवडलेलं असेल, तेही ज्या इफची ओळ आधी आली असेल त्यानुसार. अशा वेळी कोड दुरुस्त करायच्या आधी कागदावर जा, "विहीर आटली तर नेहमी थांबा" असा नियम लिहा आणि मग कोड बदला. डिझाइनमधल्या बऱ्याच चुका अशाच मूळ कागदावर राहून गेलेल्या असतात.

टेस्टबेंचने स्वतः "पास" किंवा "फेल" छापलं पाहिजे. डोळ्यांनी रेषा बघून "बरोबर वाटतंय" म्हणणं दुसऱ्या दिवशी उपयोगाचं राहत नाही.

पायरी ६: सिंथेसिस

योसिस तुमचं व्हेरिलॉग वाचून त्याचे प्रत्यक्ष गेट करतं. हे गेट फॅबने दिलेल्या स्टँडर्ड सेलच्या संचातून येतात. जांभ्याचे चिरे सारख्या उंचीचे असतात म्हणून थर सरळ लागतात, तसे हे सेलही एकाच उंचीचे असतात, रुंदी कमी-जास्त. पायरी ८ मध्ये वापरणार आहोत त्या स्कायवॉटर १३० प्रक्रियेच्या नेहमीच्या संचात ही उंची २.७२ मायक्रोमीटर आहे.

रिपोर्टमध्ये एकच आकडा आधी बघा: फ्लिप-फ्लॉप किती? आपला हिशोब: काउंटरचे १५ आणि ९, अवस्थेचे २, इनपुटचे ६, सेकंदाला वाचून ठेवायचे ३. एकूण ३५. रिपोर्टमध्ये जास्त दिसले, किंवा कुठे लॅच दिसला, तर पायरी ४ वर परत.

पायरी ७: एफपीजीए, जमल्यास

एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट पुन्हा पुन्हा बदलता येणारी तयार चिप. काही हजार रुपयांचा छोटा एफपीजीए बोर्ड मिळाला तर तेच व्हेरिलॉग त्यावर चढवून फ्लोटच्या जागी बटणं लावून बघता येतं. बोर्डाचा क्लॉक बहुधा मेगाहर्ट्झमध्ये असतो, सेकंदाचा काउंटर तेवढा मोठा करा. पैसे नसतील तर ही पायरी सोडून द्या, काही अडत नाही.

पायरी ८: लेआउट

२०२० मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या स्कायवॉटर कंपनीने १३० नॅनोमीटर प्रक्रियेची माहिती सर्वांसाठी खुली केली. त्याआधी फॅबच्या फाइली गुप्ततेचा करार केल्याशिवाय हाती पडत नव्हत्या. आता त्या फाइली आणि लिब्रेलेन हे साधन घेतलं की घरच्या लॅपटॉपवर पूर्ण लेआउट निघतो. आपल्या एवढ्याशा सर्किटाला काही मिनिटं पुरतात.

साधन क्रमाने जागा आखतं, सेल ओळींत बसवतं, क्लॉक सगळ्या फ्लिप-फ्लॉपपर्यंत जवळपास एकाच वेळी पोहोचेल अशी तारांची फांदी काढतं आणि शेवटी धातूच्या थरांतून जोडण्या करतं. मग तीन तपासण्या. डीआरसी बघतं की तारांची रुंदी आणि अंतर फॅबच्या नियमांत आहे का. एलव्हीएस बघतं की नकाशात उतरलेलं सर्किट तुमच्या गेटच्या यादीशी जुळतं का. तिसरी टायमिंगची, तिथे थोडं थांबा.

आपल्या क्लॉकचा एक ठोका ३०.५ मायक्रोसेकंदांचा. एक गेट नॅनोसेकंदाच्या आत काम उरकतं. म्हणजे सेटअपची, निकाल वेळेत पोहोचण्याची, इथे चिंताच नाही. पण होल्डची आहे. एका फ्लिप-फ्लॉपमधून निघालेला नवा निकाल पुढच्याकडे इतका लवकर पोहोचला की त्याने जुना नीट धरायच्या आतच तो बदलला, तर घोटाळा. याचा क्लॉकच्या वेगाशी संबंध नसतो. सेटअप चुकला तर चिप हळू चालवून वेळ मारून नेता येते. होल्ड चुकला तर ती चिप कुठल्याच वेगाला चालत नाही. रिपोर्टमध्ये होल्डची एकही तक्रार शिल्लक ठेवू नका.

निघालेली जीडीएस फाइल, म्हणजे फॅबला पाठवायचा नकाशा, केलेआउट या फुकट साधनात उघडा आणि झूम करत जा. एक फ्लिप-फ्लॉप शोधा, त्याच्या तारा मागे कुठे जातात ते बघा. अर्धा तास त्यात घालवलात तर पुस्तकाच्या दोन प्रकरणांएवढं शिकाल.

पायरी ९: खरी चिप

स्वतःसाठी वेगळा वेफर घेणं शिकणाऱ्या कुणालाच परवडत नाही. म्हणून अनेकांची डिझाइनं एकाच चिपवर घालतात. टायनी टेपआउट हा उपक्रम नेमकं हेच करतो: सुमारे १६० बाय १०० मायक्रोमीटरची जागा, आठ इनपुट, आठ आउटपुट, आठ दोन्हीकडे वापरता येणारे पिन, शिवाय क्लॉक आणि रिसेट. आपलं सर्किट त्यात बसतं. पैसे भरण्याआधी पुढची तारीख, फॅब आणि बोर्डासकटची किंमत बघून घ्या, कारण हे बदलत असतं. सुरुवातीला या कामात मध्यस्थ असलेली ईफॅबलेस कंपनी २०२५ मध्ये बंद पडली आणि त्या वेळी पुष्कळांची डिझाइनं अडकली. चिप हातात यायला महिने लागतात.

आपल्याकडे मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर विद्यार्थ्यांची डिझाइनं बनवून मिळतात, पण ती वाट केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेतल्या कॉलेजांतून जाते. महागडी व्यावसायिक साधनंही त्या कॉलेजांना बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रामार्फत वापरता येतात. तुमचं कॉलेज यादीत आहे का, ते विभागप्रमुखांना विचारा.

चिप आली की थेट मोटरला जोडू नका. पिनमधून जेमतेम काही मिलिअँपिअर निघतात. आधी एलईडी, मग ट्रान्झिस्टर आणि रिले, त्यापुढे कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा करंट झेलणारा स्विच). २३० व्होल्टचा भाग वायरमनकडून करून घ्या.

पुढे काय

एवढं स्वतः करून झालं असेल तर पुढचा टप्पा म्हणजे सिस्टिमव्हेरिलॉग ही व्हेरिलॉगची वाढवलेली आवृत्ती आणि तिच्यात टेस्टबेंच लिहायची यूव्हीएम पद्धत. वाचायला आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरचा कोड खुला आहे. तो एकदम कळणार नाही, आणि लिहिलाही ब्लूस्पेक या वेगळ्या भाषेत आहे, तरी मोठं डिझाइन तुकड्यांत कसं पाडतात ते बघा. नोकऱ्या मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात आहेत. बी.ई. किंवा एम.टेक. शिवाय डिझाइनच्या मुलाखतीपर्यंत पोहोचणं आजही कठीण आहे. डिप्लोमावाल्यांना लेआउट आणि टेस्टिंगकडून शिरायला थोडी जागा असते.

शहरातल्या "शंभर टक्के प्लेसमेंट"वाल्या व्हीएलएसआय (चिप डिझाइनच्या) क्लासची फी लाखाच्या घरात जाते. फी भरण्याआधी तिथल्या चालू बॅचमधल्या एखाद्या मुलाला त्याने स्वतः लिहिलेला टेस्टबेंच दाखवायला सांगा. तो दाखवू शकला नाही, किंवा सगळ्यांचा प्रोजेक्ट अक्षरशः एकच निघाला, तर तेच पैसे एका चांगल्या लॅपटॉपवर घाला.